सवडीचे भाडे

मराठी चित्रपटाला मल्टिप्लेक्समध्ये सकाळी साडेनऊचा खेळ मिळाला, किंवा दुसऱ्याच आठवड्यात तो उतरवला गेला, की एक ठरलेला वाद नेमाने पेटतो. एक बाजू म्हणते, पडदे द्या, संध्याकाळचे खेळ द्या, मग बघा मराठी सिनेमा कसा उभा राहतो. दुसरी बाजू म्हणते, रडगाणे पुरे झाले; आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, यूट्यूब फुकट आहे, ज्याच्या अंगात धमक आहे त्याला अडवतो कोण? पहिल्या बाजूचे लक्ष प्रदर्शनाकडे, दुसरीचे चित्रीकरणाकडे. या दोन्हींच्या आधी एक लांबलचक काळ असतो. त्या काळात पंचविशीतली मुले-मुली मुंबईच्या उपनगरात कुठेतरी खोली करून राहतात, दिवसभर दुसऱ्याच्या सेटवर राबतात आणि उरल्यासुरल्या वेळात स्वतःची पटकथा लिहू पाहतात. त्या काळाबद्दल दोन्ही बाजू गप्प असतात. माझे म्हणणे असे आहे की मुंबईतल्या तरुण दिग्दर्शकाला आज सर्वांत जास्त तुटवडा सवडीचा आहे, ही सवड या शहरात रोख पैसे मोजल्याशिवाय मिळत नाही, आणि सिनेमावर सरकारी पैसा खर्च व्हायचाच असेल तर त्यातला निदान एक हिस्सा तयार चित्रपटाच्या निर्मात्याला देण्याऐवजी अजून न झालेल्या चित्रपटाच्या लेखक-दिग्दर्शकाची सवड विकत घेण्यावर खर्च व्हायला हवा.

खिशातल्या कॅमेऱ्याचा मुद्दा खोटा नाही, आणि तो हसण्यावारी नेणाऱ्यांनी दादासाहेब फाळक्यांचा जमाखर्च आठवून पाहावा. 1912 मध्ये लंडनला जाऊन कॅमेरा आणि फिल्मच्या कडांना छिद्रे पाडण्याचे यंत्र आणायचे म्हणून त्यांनी विम्याची पॉलिसी तारण ठेवली. पुढे सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले. यंत्र आणि कच्ची फिल्म हाच तेव्हा खर्चाचा डोंगर होता, आणि तो डोंगर आज खरोखरच सपाट झाला आहे. पण त्याच हिशेबाची दुसरी बाजू कुणी वाचत नाही. कॅमेऱ्यासाठी पॉलिसी गहाण टाकणाऱ्या त्याच माणसाला दादरच्या मुख्य रस्त्यावरचा बंगला भाड्याने घेणे परवडत होते. राहणे, तालीम, चित्रीकरण, फिल्म धुणे आणि सगळ्या माणसांचा स्वयंपाक असे सारे त्या एका जागेत चालत असे. (स्वयंपाक सरस्वतीबाई करीत, रात्री फिल्मला छिद्रेही त्याच पाडीत, त्या श्रमांची नोंद कोणत्या वहीत झाली, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तो या मांडणीतून. आजचा तरुण दिग्दर्शक नेमका उलट्या जागी उभा आहे. कॅमेरा त्याला दिवसाच्या भाड्याने मिळतो, मित्राचा फुकटही मिळतो. दादरमध्ये खोली मात्र त्याला स्वप्नातही परवडत नाही. तंत्रज्ञानाने जेवढे दिले, त्याहून जास्त जागेच्या बाजाराने काढून घेतले. मग ‘आता सगळे सोपे झाले आहे’ हे वाक्य नक्की कशाच्या आधारावर उच्चारले जाते?

सहाय्यक दिग्दर्शकाचा एक साधा दिवस घ्या, म्हणजे सवड या शब्दाला आकार येईल. काम मालिकेचे आहे, सेट गोरेगावच्या चित्रनगरीत, कॉल टाइम सकाळी सात. अंधेरी-वर्सोव्याचे भाडे झेपत नाही म्हणून तिघांनी मिळून खोली घेतली आहे वसईजवळच्या नायगावला. म्हणजे पहाटेची लोकल, गोरेगाव पूर्वेला उतरून शेअर रिक्षा, मग चित्रनगरीच्या फाटकापासून फ्लोअरपर्यंतची चढण. तिसऱ्या सहाय्यकाने काय करायचे? कंटिन्युइटीचे फोटो काढायचे, आदल्या दृश्यात नायिकेच्या कोणत्या मनगटावर घड्याळ होते ते सांगायचे, व्हॅनिटीचे दार वाजवून ‘मॅम, शॉट रेडी’ म्हणायचे, क्लॅप द्यायची, दुसऱ्या दिवशीच्या कॉलशीटवर नावे भरायची आणि कुणीतरी कुणावर तरी ओरडायचे ठरवले की समोर उभे राहायचे. शिफ्ट बारा तासांची, पण एपिसोडची बँक, म्हणजे आधीच चित्रित करून ठेवलेल्या भागांचा साठा, रिकामी असली की ती चौदा-पंधरा तासांवर जाते. पॅकअप होऊन तो नायगावला पोहोचतो तेव्हा तारीख बदललेली असते. लॅपटॉपवर त्याच्या पटकथेची फाइल आहे. तिच्यात मध्यंतरापर्यंतचे लिहून झाले आहे, आणि गेल्या कित्येक आठवड्यांत त्याने फक्त पहिल्या पानावरचे नाव बदलले आहे.

हे झाले काम असतानाचे. काम नसताना वेळ असतो, पण ती सवड नव्हे. कारण शेड्यूल संपले तरी पैसे हातात आलेले नसतात. बिल पाठवल्यानंतर नव्वद दिवसांनी पैसे, असा या धंद्याचा रिवाज आहे आणि नव्वदाव्या दिवशी फोन केला तर ‘पेमेंट प्रोसेसमध्ये आहे’ हे उत्तरही रिवाजातलेच आहे. खोलीमालकाला मात्र नव्वद दिवसांचा रिवाज ठाऊक नसतो. त्याचा अकरा महिन्यांचा करार असतो. तो संपला की भाडेवाढ, किंवा नवी खोली, नवे डिपॉझिट आणि एजंटाला पुन्हा एका महिन्याची दलाली. मुलगी एकटी राहणारी असेल तर सोसायटीची चौकशी वेगळी: काम कुठे, परतायची वेळ काय, सोडायला कोण येते. रात्री साडेअकराला पॅकअप होणाऱ्या धंद्यातल्या मुलीने या प्रश्नांना कोणते उत्तर द्यावे म्हणजे तिला खोली मिळेल? बऱ्याच जणी खरे उत्तर देत नाहीत. ज्या देतात त्या स्टेशनाजवळच्या, म्हणजे महागड्या पेइंग गेस्ट खोल्यांत राहतात, आणि सहा महिन्यांत मालिकेची लेखिका होण्याऐवजी मालिकेच्या निर्मिती कार्यालयात पगाराची नोकरी धरतात.

यावर पहिला आक्षेप ज्येष्ठ पिढीकडून येतो, आणि तो वजनदार आहे. आम्हीही याच शहरात फुटपाथवर झोपलो, वडापाववर दिवस काढले, या हालअपेष्टांनीच आमच्या कामाला धार आली. सुखवस्तू दिग्दर्शकाच्या हातून कसला सिनेमा होणार? यातला अर्धा भाग मला मान्य आहे. लोकलच्या डब्यात उभे राहून जे शहर कळते ते गाडीच्या काचेतून कळत नाही, आणि मुंबईने ज्यांना चटके दिले त्यांनीच मुंबईबद्दल खरे काही सांगितले, हेही बऱ्याच अंशी बरोबर आहे. पण त्या पिढीने भोगलेल्या हालांबरोबर तिला मिळालेल्या सोयीही मोजायला हव्यात. गिरणगावात कोकणातल्या गावागावांच्या मंडळांनी घेतलेल्या खोल्या होत्या. त्या खोलीत पाठ टेकायची जागा आणि भिंतीवर ट्रंक ठेवायची फळी गावच्या पोराला नाममात्र पैशांत मिळे, आणि जेवण खाणावळवाल्या बाईकडे महिन्याच्या हिशेबाने. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने चाळींतली भाडी गोठली. त्या कायद्याने पुढे घरबांधणीचे आणि जुन्या इमारतींचे जे नुकसान केले ते केलेच, पण एका पिढीला त्याने गिरगावात, परळला, दादरला स्वस्तात राहू दिले, हे कसे नाकारणार? आणि सर्वांत मोठी सोय होती ती पाचला सुटणाऱ्या नोकरीची. बँका, आयुर्विमा, रेल्वे, बेस्ट, महापालिका, मंत्रालय: मराठी प्रायोगिक रंगभूमीचा अर्धा हजेरीपट या कचेऱ्यांच्या मस्टरवर सापडेल. अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात नोकरीला होते. 1974 च्या सुमारास दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेने जी चळवळ सुरू केली, ती उभी राहिली ती एका शाळेने परवडणाऱ्या भाड्यात जागा दिली आणि नट-लेखक साडेसहाला तालमीला पोहोचू शकत होते म्हणून. प्रतिभा होतीच; पण ती दुपारी पगारावर होती आणि संध्याकाळी मोकळी होती. त्या पिढीचा संघर्ष खरा होता, आणि त्याच्या तळाशी सार्वजनिक पैशाने बांधलेला एक कट्टाही होता. कट्ट्यावर बसलेल्याला तो दिसत नाही, एवढेच.

सिनेमाच्या आतही तेच होते. प्रभात फिल्म कंपनी 1929 मध्ये कोल्हापुरात निघाली, 1933 मध्ये पुण्यात आली. तिच्याकडे माणसे पगारावर होती. गुरुदत्त 1940 च्या दशकात तिथे करारावर शिकत शिकत काम करीत होते. मालाडच्या बॉम्बे टॉकीजचीही तीच रीत. माहितीपट काढणाऱ्या फिल्म्स डिव्हिजनची स्थापना 1948 ची. पेडर रोडवरच्या त्या सरकारी कचेरीत प्रमोद पती, एस. एन. एस. शास्त्री यांच्यासारखे लोक नोकरीत राहून असे लघुपट करून गेले, जे आजही धाडसी वाटतात. या व्यवस्थांचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. स्टुडिओत मालकशाही होती, फिल्म्स डिव्हिजनमध्ये फायलींचे राज्य होते आणि बहुतांश माहितीपट झोप आणणारे होते. मुद्दा इतकाच की दर महिन्याला पगार मिळत असताना चुकण्याची आणि शिकण्याची मुभा असलेली ठिकाणे या शहरात आणि त्याच्या शेजारी होती, आणि ती एकेक करून बंद पडली किंवा विलीन झाली. त्यांच्या जागी काय आले? कॉर्पोरेट फिल्म, लग्नाचे व्हिडिओ, रील, आणि नव्वद दिवसांनी पैसे देणारे निर्मितीगृह. फ्रीलान्स हा त्याला दिलेला भारदस्त शब्द.

‘ज्याच्यात दम असेल तो टिकतोच’ या विधानातली गफलत इथेच आहे. टिकलेल्यांच्या मुलाखती छापून येतात, न टिकलेल्यांच्या येत नाहीत. त्यामुळे चाळणी प्रतिभेची आहे, असा समज पक्का होत जातो. प्रत्यक्षात मुंबईतली चाळणी बरीचशी घराची आहे. ज्याच्या आई-वडिलांचा विलेपार्ल्यात किंवा ठाण्यात फ्लॅट आहे तो तीन वर्षे थांबू शकतो, नको ते काम नाकारू शकतो, पटकथेचे चौथे लेखन करू शकतो. जो नांदेडहून किंवा चंद्रपूरहून आला आहे, ज्याच्याकडून घरी पैसे पाठवण्याची अपेक्षा आहे, तो सहाव्या महिन्यात मिळेल ते काम धरतो. दोघांत प्रतिभावान कोण, हे कधी तपासलेच जात नाही. आणि याचा परिणाम पडद्यावर दिसतो. मराठी सिनेमातली इतकी घरे चार खोल्यांची का असतात, इतकी पात्रे जाहिरात कंपनीत का काम करतात, याचे एक उत्तर दिग्दर्शकांच्या पत्त्यांत आहे. एरवी आपण प्रतिनिधित्वाबद्दल तावातावाने बोलतो. जात आणि वर्ग यांची छाननी खोलीच्या डिपॉझिटवर होते, हे मात्र आपल्याला व्यवहार वाटतो.

दुसरा आक्षेप असा की मुंबईचा हट्टच कशाला? नागराज मंजुळे सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ यांचा श्वास अंधेरीचा नाही. गेल्या पंधरा-वीस वर्षांतला मराठीतला ताजेपणा बराचसा मुंबई-पुण्याबाहेरच्या मातीतून आला, हे निर्विवाद आहे, आणि प्रत्येक होतकरू दिग्दर्शकाने आधी अंधेरीत येऊन दाखल व्हावे, ही समजूत जितकी लवकर मोडेल तितकी बरी. तरीही चित्रीकरण करमाळ्यात होते म्हणून धंदा करमाळ्यात जात नाही. निर्माते, वाहिन्या, ओटीटी कंपन्यांची कार्यालये, ध्वनिमिश्रणाचे स्टुडिओ, कलर करेक्शनच्या खोल्या, वितरक हे सगळे मुंबईत आहे; ज्याला नॅरेशनला, म्हणजे पटकथा ऐकवायला, दुपारी चारला बोलावले जाते आणि साडेसहाला ‘आज नाही, परवा या’ सांगितले जाते, त्याला परवापर्यंत मुंबईतच राहावे लागते. शिवाय मुंबईबद्दलचे सिनेमे कोण करणार, हाही प्रश्न आहेच. नायगाव, मालवणी, गोवंडी, कळवा इथली आयुष्ये सांगायला तिथे भाड्याने राहणारा माणूस हवा. त्यालाच आपण गावी पाठवले तर शहराची गोष्ट शहराचे मालक सांगतील.

आता ज्या दोन चित्रपटांचा आपण अभिमानाने उल्लेख करतो, त्यांच्याकडे या नजरेने पाहू. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ला 2014 मध्ये व्हेनिस महोत्सवात दोन पुरस्कार मिळाले, तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. त्या चित्रपटाची तारीफ करताना संवाद, स्थिर कॅमेरा, न्यायालयाचे रटाळ वास्तव यांबद्दल पुष्कळ लिहिले गेले. पटकथा लिहिण्याच्या काळात निर्माते विवेक गोम्बर यांनी त्यांना दरमहा पैसे दिले, रॉटरडॅम महोत्सवाच्या ह्यूबर्ट बाल्स निधीने पटकथेच्या टप्प्यावरच हात दिला, आणि व्यावसायिक नट नसलेली माणसे शोधण्यात कित्येक महिने घालवता आले, याचा उल्लेख मात्र तळटीपेसारखा होतो. माझ्या मते तोच त्या यशाचा मजकूर आहे. 2024 मध्ये पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वुई इमॅजिन अॅज लाइट’ला कानमध्ये ग्राँ प्री मिळाले, त्या महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत तीस वर्षांनी भारतीय चित्रपट पोहोचला होता. मुंबईच्या रुग्णालयातल्या परिचारिका, पावसातली लोकल, पुनर्विकासात घर जाणारी कोकणातली बाई, अशी ही अंतर्बाह्य आपल्या शहराची गोष्ट. आणि तिच्या सहनिर्मितीच्या यादीत फ्रान्स, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग, इटली. अभिनंदनाचे संदेश आपण सगळ्यांनी पाठवले. लालबाग-परळच्या बाईच्या घराची गोष्ट लिहायला लागणाऱ्या सवडीचे पैसे युरोपातल्या करदात्याने का द्यावेत, हा प्रश्न त्या संदेशांत कुठे दिसला नाही.

यावर कुणी म्हणेल की परदेशी निधीला त्याची आवड असते, आणि मग महोत्सवांना रुचेल तसाच सिनेमा तयार होतो. या आक्षेपात तथ्य आहे. निधी देणाऱ्याची नजर पटकथेत शिरते. गरिबी, संथपणा आणि मौन यांचा एक ठरावीक साचाही बनतो. पण मग या आक्षेपाचे तर्कशुद्ध टोक काय? परका पैसा नको असेल तर आपला पैसा हवा. दोन्ही नकोत असे म्हणणाऱ्याला खरे तर तो सिनेमाच नको असतो.

पडद्यांच्या बाजूने लढणाऱ्यांसाठी मी दक्षिण कोरियाचे उदाहरण देईन, कारण तिथे ही लढाई आपल्याहून कितीतरी जोरात लढली गेली. देशी चित्रपट वर्षाला किमान 146 दिवस दाखवलेच पाहिजेत, असा नियम तिथल्या चित्रपटगृहांवर होता. 2006 मध्ये अमेरिकेशी व्यापारी वाटाघाटी करताना तो 73 दिवसांवर आणला गेला. त्याविरुद्ध नट-दिग्दर्शक सोलच्या रस्त्यावर उतरले, आणि ते योग्यच होते. कोट्याने कोरियन सिनेमाला बाजार दिला, सरकारी चित्रपट अकादमीने माणसे घडवली. बोंग जून-हो त्याच अकादमीतून आले. पण बाजार उभा राहिला म्हणून त्याच्या दारात उभे असलेले तरुण जगले का? जानेवारी 2011 मध्ये सोलजवळच्या आन्यांग शहरात चोई गो-उन ही 32 वर्षांची पटकथालेखिका आणि लघुपट दिग्दर्शिका तिच्या भाड्याच्या खोलीत मृतावस्थेत सापडली. तिथल्या नामांकित कला विद्यापीठात ती शिकली होती, पटकथांचे करारही झाले होते. आजारपण होते, हातात पैसे नव्हते, आणि थोडा भात व किमची मिळेल का, अशी चिठ्ठी तिने शेजाऱ्यांच्या दारावर लावली होती. कोरियन सिनेमा तेव्हा जगभर गाजत होता. त्या मृत्यूनंतर देश हादरला. त्याच वर्षाच्या अखेरीस कलावंत कल्याण कायदा मंजूर झाला आणि नोव्हेंबर 2012 पासून अमलात आला. कायदा अपुरा आहे, त्यात बसणे अवघड आहे, अशी टीका तिथे झाली आणि ती गैर नव्हती. पण पडदा आणि पोट हे दोन वेगळे प्रश्न आहेत, एवढे त्या समाजाने कागदावर तरी मान्य केले. आपल्याकडे 2015 साली मल्टिप्लेक्सनी मराठी चित्रपट मोक्याच्या वेळी दाखवावेत, असा सरकारने आग्रह धरला, तेव्हा ती मोक्याची वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी ऐसपैस करण्यात आली आणि वाद तिथेच विरला. समजा, तो निर्णय तंतोतंत पाळला गेला असता. नायगावच्या खोलीतल्या त्या अर्ध्या पटकथेला त्याचा काय उपयोग होता?

सर्वांत कठीण आक्षेप मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. ज्या राज्यात शेतकरी आत्महत्या थांबलेल्या नाहीत, जिथे शाळांत शिक्षक आणि दवाखान्यांत डॉक्टर पुरेसे नाहीत, तिथे सिनेमा करू पाहणाऱ्या पोरांना बसून खायला पैसे द्यायचे? हा प्रश्न कुणी कुत्सितपणे विचारला तरी तो प्रामाणिकच आहे, आणि ‘कला ही समाजाचा आरसा आहे’ छापाच्या उत्तराने तो सुटत नाही. माझे उत्तर अगदीच कोरडे आहे: पैसे आधीच दिले जात आहेत. महाराष्ट्र सरकारची दर्जेदार मराठी चित्रपटांना अर्थसाहाय्य देण्याची योजना आहे. तिच्यात वर्षानुवर्षे अ दर्जाच्या चित्रपटाला 40 लाख आणि ब दर्जाच्या चित्रपटाला 30 लाख रुपये अशी रचना राहिली. चित्रपट पूर्ण व्हावा लागतो, सेन्सॉरचे प्रमाणपत्र लागते, मग परीक्षण समिती तो पाहते आणि पैसे निर्मात्याला मिळतात. म्हणजे ज्याने आधी पैसे उभे केले त्याला नंतर पैसे मिळतात. अनेक छोट्या निर्मात्यांना या योजनेने तारले आहे आणि ती बंद करा, असे मी म्हणत नाही. मात्र एका अ दर्जाच्या चित्रपटाचे 40 लाख दहा जणांत वाटले तर प्रत्येकाला वर्षभर महिना 33 हजारांच्या आसपास पडतात. एका चित्रपटाच्या अनुदानात दहा पटकथांचे एक वर्ष. एनएफडीसीची, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाची, पटकथा लेखकांसाठीची लॅब आहे, गोव्यात फिल्म बाजार भरतो, तिथे चांगले मार्गदर्शन मिळते. पण मार्गदर्शनाने भाडे भागत नाही. कान महोत्सव तरुण दिग्दर्शकांना पॅरिसमध्ये काही महिने राहायला घर आणि हातखर्च देतो आणि पटकथा लिहा म्हणतो. गोरेगावची चित्रनगरी पाचशेहून अधिक एकरांवर पसरलेली आहे, आणि ती राज्य सरकारची आहे. तिथे राजवाड्याचे, तुरुंगाचे, कोर्टाचे सेट उभे राहतात. तीस खोल्यांचे एक साधे वसतिगृह उभे राहायला अडचण कसली?

निवडीत वशिलेबाजी होईल, ही भीती रास्त आहे. पैसा देणारे सरकार तोंडही बंद करील, ही भीती त्याहून रास्त आहे. केंद्र सरकारच्या फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनने 1969 च्या सुमारास मृणाल सेन, मणि कौल यांना कर्जे दिली आणि नवा सिनेमा जन्मला. 1976 मध्ये संसदेच्या समितीने त्याच कॉर्पोरेशनला व्यावसायिक यशाचा निकष न लावल्याबद्दल फटकारले. सार्वजनिक पैशावर ही तलवार टांगलेली राहणारच. म्हणून अटी कमीत कमी ठेवाव्यात: निवड नाव झाकलेल्या लेखनावरून व्हावी, परीक्षक दर वर्षी बदलावेत आणि त्यांची नावे जाहीर व्हावीत, विषयाची चौकशी होऊ नये, वर्षाअखेरीस फक्त पूर्ण पटकथा मागावी, तिच्यावर सरकारचा कोणताही हक्क नसावा. दहांपैकी सहा पटकथा टाकाऊ निघतील. अनुदान मिळालेल्या चित्रपटांत किती लक्षात राहिले, हे आठवून पाहिले तर हे प्रमाण फारसे वाईट वाटू नये. आणि विद्यावेतन महिन्याच्या एक तारखेला खात्यात जमा व्हावे. तेही नव्वद दिवसांनी मिळणार असेल तर ही योजना न काढलेली बरी.